आत्तार सर कीबोर्डाचं परीक्षण करतात

मानवजातीच्या इतिहासाचे दोनच भाग पडतात. माणूस दहा बोटांनी टाईप करायला लागला त्याच्या आधीचा भाग, आणि त्यानंतरचा. आधीच्या भागात माणूस गुहेत राहायचा, एकमेकांच्या डोक्यात दगड घालायचा आणि अर्ज हातानं लिहायचा. नंतरच्या भागात त्याला संस्कृती प्राप्त झाली.

हे मत इंदापूरच्या अकबर आत्तार यांचं. गुरुवारी सकाळी आपल्या अंगणात, लुंगीवर उभं राहून, एक हात आकाशाकडे करून त्यांनी ते मांडलं. श्रोते दोन होते. त्यांची बायको करिमा लसूण सोलत होती आणि शेजारच्या दगडाबाईंची शेळी लसणाची टरफलं खात होती.

"इतिहास संपला असंल तर गॅस बंद करा," करिमा म्हणाली. "दूध उतू चाललंय."

दूध तोवर गेलंच होतं.

अकबर आत्तारांना सगळं गाव आत्तार सर म्हणतं ते त्यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमुळे. सरकारनं हाताच्या टाईपरायटरवरची परीक्षा बंद केली तशी इन्स्टिट्यूटही बंद पडली, पण दारावरची पाटी सरांनी उतरवू दिली नाही. तालुक्यातल्या कचेऱ्यांमधली निम्मी माणसं या पाटीखालून गेलेली आहेत, असं ते सांगत. ते खरंच होतं. इन्स्टिट्यूटमध्ये आलेली बाकीची नापास होऊन त्याच पाटीखालून परत गेली, हे ते सांगत नसत.

मेहरीन ही त्यांची मुलगी, आणि त्यांच्या मते इन्स्टिट्यूटची शेवटची आणि सर्वांत निर्दोष प्रत. सोमवारी बारामतीला तिची टंकलेखनाची चाचणी होती. जागा लिपिकाची, खातं सरकारी. लेखी परीक्षा ती झकास पास झालेली, आता फक्त चाचणी राहिलेली. पण मागच्या वेळीही फक्त चाचणीच राहिली होती. त्या वेळी केंद्रावरच्या कीबोर्डाचा स्पेसबार ऐन वेळी रुतून बसला आणि मेहरीननं पानभराचा उतारा एका शब्दात लिहिला. मराठी भाषेतला तो बहुधा सर्वांत लांब शब्द असावा, पण परीक्षकांना भाषेच्या वैभवात रस नव्हता. यंदा वयाची अट संपत होती. यंदा गेलं की कायमचं गेलं. मग बावड्याला फुपीच्या, म्हणजे आत्याच्या, बांगड्यांच्या दुकानात बसायचं, असं मेहरीननं आपण होऊन आईला कबूल केलं होतं. फुपी चांगली होती, दुकानही चांगलं होतं. पण त्या दुकानाचा विषय निघाला की मेहरीन आपल्या दोन्ही मुठी घट्ट मिटून घ्यायची. सरांनी ते पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदाच्या पत्रात मात्र एक ओळ नवीन होती. उमेदवारानं इच्छा असल्यास स्वतःचा कीबोर्ड आणावा. ती ओळ वाचली आणि सरांना एकदम मानवजात आठवली.

एसटी स्टँडासमोर मुजम्मिलचं मोबाईलचं दुकान आहे. मुजम्मिल हा सरांचा भाचा. गिऱ्हाईक नात्यातलं असलं की तो आधी चहा मागवतो आणि मग भाव सांगतो.

"मामू, ऑफिसचा देऊ का गेमिंगचा?"

"परीक्षा म्हणजे खेळ वाटला का तुला?"

"न्हाय मामू. पर गेमिंगवाला वाजतो."

असं म्हणून मुजम्मिलनं एक कळ दाबली. टक्.

आत्तार सरांच्या हातातला चहा तसाच राहिला. कित्येक वर्षांत असा आवाज त्यांच्या कानावर पडला नव्हता. हल्लीच्या कीबोर्डांवर टाईप करणं म्हणजे त्यांच्या मते भिजलेल्या पावावर बोटं आपटणं होतं. बोटानं काम केलं की नाही, याची बोटालासुद्धा पावती मिळत नाही. हा पावती देत होता. टक्. टक्. सरांनी डोळे मिटले.

"कंपनी कुठली?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"ड्रॅगझोर."

"कधी ऐकलं नाही."

"नवीन हाय मामू. पर लई चाललीय."

"कुठं?"

"तिकडं," मुजम्मिल म्हणाला आणि त्यानं पुणे रस्त्याकडे मोघम हात केला. "मोठ्या कंपनीच्या डब्यात बी ह्योच माल असतो. तुमी नुसत्या नावाचे पैसे कशाला देता? आणि कळांच्या खालनं लाईट बी हाय."

खोक्यावर नाकातून जाळ सोडणारा एक ड्रॅगन होता आणि त्यानं दोन्ही पंजे कीबोर्डावर ठेवले होते. पंजाला चारच बोटं होती, म्हणजे टंकलेखनाच्या दृष्टीनं तो अपात्र. पण सरांनी त्याला तेवढं माफ केलं.

घरी आल्यावर कीबोर्ड संगणकाला जोडला आणि सगळी खोली आधी लाल, मग हिरवी, मग जांभळी झाली.

"या अल्ला!" करिमा म्हणाली. "ह्यो कीबोर्ड हाय का वरातीची गाडी?"

मेहरीननं मात्र खुर्ची ओढली, बोटं ठेवली आणि एक परिच्छेद सरळ मारून काढला. टकटकटकटक. थांबली, घड्याळाकडे पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. "अब्बा, चांगलाय हो हा. माझा वेग वाढला."

या क्षणी सगळं ठीक होतं. वाचकांनी हा क्षण नीट पाहून घ्यावा, कारण अशी वेळ या कथेत पुन्हा लवकर येत नाही.

"ऊठ," सर म्हणाले. "परीक्षण झाल्याशिवाय यंत्र उमेदवाराच्या हाती जात नाही."

"अब्बा, मला सराव करू द्या ना."

"सराव दिवसभर कर, मी नाही कुठं म्हणतो? पण परीक्षण मधूनमधून चालूच राहील. आवाज, स्प्रिंग, उजेड आणि चारित्र्य."

"कीबोर्डाचं चारित्र्य?"

"ऐन वेळी दगा देतो का ते. मागच्या वेळच्याला नव्हतं."

आवाजात तो उत्तम पास झाला. स्प्रिंगमध्येही. उजेडाच्या परीक्षेला शेजारचे सोपानराव आले. सोपानरावांची वरकुट्याला पेरूची बाग. तरुणपणी ते सरांचे विद्यार्थी होते आणि एकाच परीक्षेला इतक्या वेळा बसले होते की शेवटी सरांनीच त्यांना हात जोडून बागेकडे लक्ष द्यायला सांगितलं. त्याबद्दल ते आजही सरांचे उपकार मानतात आणि परतफेड म्हणून रोज येऊन सल्ला देतात.

"सर, ह्यो उजेड सारखा निळाच ठिवता येतो का?"

"कशाला?"

"बागंत किड्यांचा सापळा लावायचाय. निळ्यावर किडं लई झेपावत्यात. परीक्षा झाली की दोन दिस द्या मला."

"सोपानराव, हे शिक्षणाचं साधन आहे."

"मग किड्यांनी काय घोडं मारलंय?"

उजेड नुसता लागत नव्हता, तो वागत होता. एका क्षणी लाटेसारखा पळायचा, एका क्षणी झोपलेल्या माणसासारखा श्वास घ्यायचा. तो बंद करायला एफ एन आणि आणखी एक कळ अशी जोडी दाबावी लागते असं खोक्यावर लिहिलं होतं, पण दुसरी कळ कुठली ते चिनी भाषेत होतं. सगळ्यांनी मिळून दाबादाबी केली. एकदा दिवे चक्क बंद झाले. सोपानरावांनी टाळी वाजवली, करिमानं वाजवली, टाळी वाजवताना तिचं कोपर लागलं आणि दिवे पुन्हा लागले. ते बंद झाले होते कशानं, हे कुणीच पाहिलं नव्हतं.

"असू द्या अब्बा," मेहरीन म्हणाली. "दिव्यांचा मला त्रास नाही."

शुक्रवारी दुपारी चारित्र्याचा प्रश्न उभा राहिला. स्पेसबार दाबला की हलकेच आवाज यायचा. कुई.

दुसरी कुठलीही कळ असती तर आत्तार सरांनी दुर्लक्ष केलं असतं. पण स्पेसबार!  पानभर लांबीचा तो शब्द त्यांच्या डोळ्यांपुढून पुन्हा एकदा सरकत गेला.

"वाजू द्या अब्बा. नवीन आहे, सुटेल आपोआप," असं सांगून मेहरीन आईबरोबर बाजारात गेली. जाताना तिनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. तिचा बापावर विश्वास होता.

सरांनी लोखंडी कपाट उघडून लांब नळीची तेलाची डबी काढली. इन्स्टिट्यूटचा नियमच होता तसा. परीक्षेआधी प्रत्येक मशीनला तेल द्यायचं. तेल दिल्यामुळे बिघडलेलं मशीन त्यांनी सबंध हयातीत पाहिलं नव्हतं. न दिल्यामुळे बिघडलेली शेकड्यांनी पाहिली होती. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून स्पेसबारच्या फटीत एक थेंब सोडला. दाबून पाहिलं. कुई गेली. लोण्यासारखा चालायला लागला.

"एकालाच?" खिडकीतून सोपानराव म्हणाले. "बाकीच्यांनी काय पाप केलंय, सर?"

यात तथ्य होतं. सरांनी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि एकही कळ उपाशी ठेवली नाही. मग तेल आत नीट मुरावं म्हणून कीबोर्ड भिंतीला टेकवून उभा केला.

मेहरीन बाजारातून आली, खुर्चीवर बसली आणि तिनं 'क' दाबला. पडद्यावर कककककककक असं सुरू झालं आणि ते थांबेना. 'म' दाबला तर तो खाली गेला तो वर आलाच नाही. दिव्यांची मधली ओळ लाल होऊन रुसल्यासारखी तशीच राहिली. मेहरीननं बोट नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"अब्बा, तेल?"

ती ओरडली असती तर सरांना बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही.

"फुपीला फोन करू का?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"सोमवारपासून दुकानात येते म्हणून सांगते."

आणि ती आत निघून गेली. करिमानं नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही या नजरेची सरांना सवय झाली नव्हती. "अवो, दूध उतू घालवलं, ते पुसून काढलं मी," ती म्हणाली. "हे कसं पुसू?"

सरांनी मुजम्मिलला फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं.

"मामू, लोक मोबाईल विहिरीत पाडून आणत्यात. डाळीत पडलेला बी आलाय. पर तेल घालून आजवर कुणी आणला न्हवता."

"दुसरा असेल ना तुझ्याकडे?"

"एकच आला हुता. म्हणून तर स्वस्तात दिला. तुमी कंपनीला फोन लावा, वॉरंटी हाय."

कंपनीच्या फोनवर आधी खूप वेळ बासरी वाजली. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, डिव्हाइस बंद करून चालू केलात का?"

"तेल काढून बंद करू की बंद करून तेल काढू?"

"तेल?" मुलगी थबकली. पुन्हा बासरी. "सर, आमच्याकडे कारणांमध्ये पाणी आहे, चहा आहे, कोल्ड्रिंक आहे. तेल नाहीये. चहा टाकू का?"

"म्हणजे?"

"म्हणजे चहा सांडला असं लिहू का? त्याशिवाय तक्रार पुढंच जात नाही."

इथं आत्तार सरांमधला गुरुजी ताठ उभा राहिला. "बेटी, या घरात चहा सांडलेला नाही. तेल दिलेलं आहे, आणि ते विधिपूर्वक दिलेलं आहे. तेच लिहा."

"ओके सर, मग मी तक्रार बंद करते. आपला दिवस आनंदात जावो."

शनिवारी सकाळी मुजम्मिल स्वतः एक साधा कीबोर्ड घेऊन आला. ऑफिसचा, मुका, बिनदिव्यांचा. सरांनी मान खाली घालून तो टेबलावर ठेवला. मेहरीन त्याच्यापुढं बसली, घड्याळ लावलं आणि उतारा मारला. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा मारून झाल्यावर तिनं हात मांडीवर ठेवले.

"काठावर राहतेय," ती म्हणाली. "काठाच्या अलीकडे. त्या दुसऱ्यावर मी आरामात पलीकडे जात होते."  मग म्हणाली, "अब्बा, तुमचं ते परीक्षण-बिरीक्षण काही असो, कीबोर्ड खरंच चांगला होता. तोच दुरुस्त करा."

हे वाक्य ऐकायला सरांना एरवी किती आवडलं असतं! मुलीनं आपली पारख मान्य केली होती, आणि तीही नेमकी आपण त्या पारखलेल्या वस्तूची वाट लावल्यानंतर.

मुजम्मिलच्या सांगण्यावरून सगळ्या कळा उपटायच्या, आतलं तेल स्पिरिटनं पुसून काढायचं आणि सांगाडा उन्हात वाळवायचा असं ठरलं. कळा उपटायचा एक प्लास्टिकचा चिमटा खोक्यातच होता. कळांच्या टोप्या धुऊन करिमानं गच्चीवर जुनं धोतर अंथरलं, त्याच्या एका बाजूला मिरच्या आणि एका बाजूला कळा वाळत घातल्या. सर पहाऱ्याला बसले. ऊन चांगलं होतं, वारा मंद होता आणि मन थकलं होतं. डोळा लागला.

जाग आली ती खुरांच्या आवाजानं. दगडाबाईंची शेळी धोतराच्या मधोमध उभी होती, कळा चारी दिशांना उडाल्या होत्या, आणि शेळी काहीतरी विचारपूर्वक चघळत होती.

"थू! थू कर! थुंक!" सर ओरडले. शेळीनं सरांकडे पाहिलं आणि गिळलं.

आरडाओरडा ऐकून दगडाबाई जिना चढून आल्या. झाला प्रकार ऐकून त्यांनीच कमरेवर हात ठेवले. "माज्या शेरडाला काय झालं म्हंजी? त्याच्यात लाईट हाय म्हनं! पोटात पेटलं तर?"

"दगडाबाई, दिवा खाली असतो. हिनं नुसती टोपी खाल्ली."

"आन् माजी गाभण शेरडी हाय ही! करडू लाल-हिरवं निपजलं तर तुमच्या दारात आनून बांधीन, सांगून ठिवते!"

कळा गोळा करून मोजल्यावर कळलं की शेळीच्या पोटात एंटर गेलं होतं. करिमानं खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण आणून त्या जागी बसवलं. ते इतकं घट्ट बसलं की जणू कंपनीनं तिथं तेच द्यायचं ठरवलं होतं.

रविवारी कळा परत बसवायच्या होत्या. कुठली कुठं होती हे पाहायला खोक्यावर चित्र होतं, पण अर्ध्या कीबोर्डावर ड्रॅगनचे पंजे होते. सर म्हणाले, काळजी नको, अक्षरं मला पाठ आहेत, नमाज पढून येतो आणि बसवतो. ते मशिदीत गेले तेव्हा ओसरीवर सोपानराव बसले होते. गुरूचं एक तरी काम आपल्या हातून व्हावं ही त्यांची फार जुनी इच्छा होती.

सर परत आले तेव्हा सगळ्या कळा जागच्या जागी दाबून बसवलेल्या होत्या.

"सोपानराव! हे कसं लावलं?"

"मालाप्रमाणं," सोपानराव अभिमानानं म्हणाले. "मोठा नग खाली, मधला मधी, बारका वर. एक सारखा दिसला पायजे. पेटी भरताना आमी असंच करतो. बघा, कसा देखणा झालाय!"

देखणा झाला होता यात शंका नाही. क्यूच्या शेजारी नऊ, नऊच्या शेजारी प्रश्नचिन्ह, आणि झेड कुठं तरी वर आकड्यांमध्ये रमला होता. सरांनी चिमटा घेतला आणि पहिलीच कळ ओढली. चिमट्याचा पाय मोडला. कंपनी कमी परिचित असण्यामागं काही कारणं असतात.

मेहरीन शांतपणे पुढं आली, तिनं कीबोर्ड जोडला आणि डोळे समोर ठेवून टाईप करायला लागली. टकटकटकटक. 'क' एकदाच उमटला. 'म' वर आला. स्पेसबार चालला. पडद्यावर ओळीमागून ओळी उभ्या राहत होत्या आणि तिच्या बोटांखालच्या कळांवर भलतंच लिहिलेलं होतं.

"अगं, पण अक्षरं..." सर म्हणाले.

"मी बघते कुठं खाली, अब्बा?"

 सरांनी चष्मा काढला आणि उगाच पुसला.

सोमवारी सोपानरावांचा पेरू बारामतीच्या मार्केटला जायचा होता, म्हणून तिघं त्यांच्याच पिकअपमधून निघाले. मेहरीननं कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून तान्ह्या मुलासारखा मांडीवर धरला होता. निमगाव केतकीच्या पुढं एक गतिरोधक आला तेव्हा सरांनी "हळू!" म्हणून एवढा मोठा आवाज काढला की सोपानरावांनी गाडीच थांबवली. त्यानंतर लासुर्णे गेलं, जंक्शन गेलं. एरवी बारामती येईपर्यंत दहा सल्ले देणारे सोपानराव एकदाच म्हणाले, "व्हईल सगळं नीट," आणि त्यांनी गिअर बदलला.

केंद्रावर दारातच तपासणी होती. पर्यवेक्षक रोहिणी मॅडम, चष्मा नाकाच्या टोकाला, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी टॉवेल उलगडला.

"हे काय?"

"कीबोर्ड," मेहरीन म्हणाली.

"ते दिसतंय. हे झाकण कसलं?"

"ते एंटर आहे."

"यावर तर कफ सिरप लिहिलंय."

"मॅडम, मूळचं एंटर शेळीनं खाल्लं," सर मधेच म्हणाले. खरं बोलायचं व्रत त्यांनी शुक्रवारीच घेतलेलं होतं.

रोहिणी मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. वीस वर्षं परीक्षा घेतलेल्या बाईची नजर होती ती. "पालकांनी बाहेर थांबा," त्या म्हणाल्या.

पालक बाहेर थांबले, म्हणजे खिडकीशी थांबले. खिडकी उघडी होती. आत मेहरीननं कीबोर्ड जोडला आणि परीक्षेच्या त्या करड्या खोलीत एकदम जत्रा भरली. सगळ्या उमेदवारांनी माना वळवल्या.

"हे चालणार नाही," रोहिणी मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्यांना त्रास होईल अशी वस्तू आत चालत नाही. नियम आहे. दिवे बंद करा, नाहीतर इथला कीबोर्ड घ्या."

इथला कीबोर्ड शेजारीच पडला होता. त्याच्या स्पेसबारला कुणीतरी चिकटपट्टी लावली होती.

"एफ एन दाब!" सर खिडकीतून ओरडले. "एफ एन आणि दुसरी कुठली तरी!"

मेहरीननं खाली पाहिलं. या कीबोर्डाकडे तिनं खऱ्या अर्थानं पहिल्यांदाच पाहिलं असावं. एफ एन लिहिलेली कळ कीबोर्डाच्या ऐन मध्यावर होती, आणि सोपानरावांनी तिथं बसवण्यापूर्वी ती कुठं होती हे अल्लालाच माहीत. तिनं अंदाजानं एक जोडी दाबली. उजेड लाटेसारखा धावला. दुसरी दाबली. श्वास घ्यायला लागला. तिसरी दाबली. सगळ्या कळा एकदम लखलखल्या आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं.

"सर, मी मालाप्रमाणं लावल्या हो," सोपानराव मागून रडवेल्या आवाजात म्हणाले. "माझं चुकलं का?"

 खिडकीचे गज सरांनी इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती.

"पाच मिनिटांत सुरू करतोय," आतून मॅडमचा आवाज आला. "मुली, काय ते ठरव."

 मेहरीननं खांद्यावरची ओढणी काढली, झटकली आणि कीबोर्डावर अंथरली. कडा चारी बाजूंनी खाली खोचल्या. दोन्ही हात ओढणीखाली घातले.

"मॅडम, आता दिसतंय काही?"

रोहिणी मॅडमनी वाकून पाहिलं. कापडातून कुठं तरी अंधुक जांभळी झाक येत होती, नीट पाहिलं तर. "फारसं नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "पण तुला कळा कशा दिसणार?"

"मला त्या लागत नाहीत."

मॅडम सरळ झाल्या. क्षणभर त्यांची नजर खिडकीकडे, गज धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे गेली. "करा सुरू," त्या म्हणाल्या.

आत्तार सरांनी डोळे मिटले. आत अनेक कीबोर्ड वाजत होते, पण भिजलेल्या पावांच्या त्या गर्दीत एकच आवाज खणखणीत होता. टकटकटक टक टकटक. ओळ संपली. दुसरी संपली. लय पक्की होती, घाई नव्हती. सरांचे ओठ हलायला लागले. ते दुवा मागत होते की शब्द मोजत होते, हे शेजारी उभ्या असलेल्या सोपानरावांनासुद्धा कळलं नाही.

आणि मग कुई.

 टकटक थांबली होती. बाकीचे पाव बडवले जात होते आणि मधला तो एक आवाज बंद झाला होता. सरांनी डोळे उघडले. मेहरीन ओढणीखाली हातांनी काहीतरी ओढत होती. ओढत होती, सुटत नव्हतं. रोहिणी मॅडम दोन पावलं तिच्याकडे गेल्या आणि थांबल्या. त्यांना मदत करता येत नव्हती. सरांनाही करता येत नव्हती. आयुष्यभर शेकडो पोरांना त्यांनी या क्षणापर्यंत आणून सोडलं होतं आणि आपण खिडकीबाहेर किती निरुपयोगी असतो, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

मेहरीननं मान वर केली. पडद्याकडे पाहिलं. ओढायचं सोडून दिलं, आणि पुन्हा सुरुवात केली.

आता प्रत्येक शब्दानंतर कापड घासल्याचा आवाज येत होता. टकटकटक सर्र. टकटक सर्र. लय लंगडी झाली होती, पण चालत होती. मग हळूहळू ती लंगडतच धावायला लागली. सोपानरावांनी सरांचा दंड धरला. सरांनी तो सोडवून घेतला नाही.

घंटा झाली.

उमेदवार एकेक करून बाहेर आले. निकाल तिथंच पडद्यावर दिसत असे, त्यामुळे कोण हसत आलं, कोण पायांकडे बघत. मेहरीन येईना. सगळे आले, मेहरीन येईना. शेवटी ती दारात दिसली. ओढणी पुन्हा अंगावर होती, पण हात तिनं पोटाशी धरले होते आणि चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

सर पुढं झाले. 

"पास, अब्बा," मेहरीन म्हणाली. "काठाच्या चांगलीच पलीकडे."

सोपानरावांनी आधी आरोळी ठोकली आणि मग पिकअपकडे धावत जाऊन पेरूची एक पेटीच उचलून आणली. जो भेटेल त्याच्या हातावर ते पेरू ठेवत सुटले. नापास झालेल्यांनाही दिले. आत्तार सरांनी डोक्यावरची टोपी काढली, डोळे पुसले, टोपी पुन्हा नीट बसवली आणि खाकरून ताठ उभे राहिले. भोवती पाचपन्नास पालक होते, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना असा श्रोतृवर्ग मिळाला होता.

"मंडळी," ते भरल्या आवाजात म्हणाले, "यंत्र कुठल्याही कंपनीचं असो..."

"अब्बा," मेहरीन हळूच म्हणाली आणि तिनं पोटाशी धरलेले हात पुढं केले. ओढणीचं एक टोक स्पेसबारच्या फटीत खोलवर गेलेलं होतं आणि कीबोर्ड त्याला लोंबकळत होता. "ते नंतर सांगा. आधी ही सोडवून द्या. आणि जरा हळू ओढा, फाटेल. अम्मीची आहे, न विचारता आणलीय."